दम आणि घड्याळ

महाड-पोलादपूरकडे भातकापणी उरकली, खळी झाली, की मोकळ्या झालेल्या खाचरांतून फक्कीच्या पांढऱ्या रेषा दिसू लागतात. बांधाला बांबू रोवले जातात, त्यांवर दिवे चढतात, आणि ‘प्रकाशझोतातील भव्य कबड्डी स्पर्धा’ असे फलक नाक्यानाक्यावर लागतात. आमच्या सावित्रीकाठी शाळा-कॉलेजांचे मैदानी खेळ म्हटले की पहिले नाव कबड्डीचेच येते. मोठ्या शहरातल्या कॉलेजांना बास्केटबॉलचे सिमेंटी मैदान असते, दोन टोकांना जाळ्या असतात. आमच्याकडे कॉलेजचा मुलगा दिवसा कॉलेजच्या संघातून खेळतो आणि रात्री गावच्या मंडळातून. प्रेक्षक तेच, शिट्टी तीच, पायाखालची माती तीच.

निदान परवापर्यंत तरी तीच होती. गेल्या दहा-बारा वर्षांत कॉलेजची कबड्डी फार झपाट्याने बदलली. मी कवी माणूस, चढाई करणारा नव्हे. पण रेषेबाहेर बसून हा खेळ पाहण्यात आयुष्याची बरीच संध्याकाळ गेली आहे. बाहेर बसणाऱ्याला कधी कधी आतल्यापेक्षा जास्त दिसते. तेव्हा हा बदल नेमका कशात झाला आणि त्यात आपल्या मुलामुलींच्या पदरात काय पडते, एवढेच आज सांगायचे आहे.

आधी थोडा इतिहास. हुतुतू हे या खेळाचे आपल्याकडचे जुने नाव. गावोगावी त्याचे नियम निराळे. त्यांना एका सूत्रात बांधण्याची धडपड विसाव्या शतकाच्या पहिल्या चतकोरात महाराष्ट्रात सुरू झाली; १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियमबद्ध स्पर्धा भरवली. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिकडे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत पुरुषांची कबड्डी आली, २०१० च्या ग्वांगझू स्पर्धेत महिलांची. २००७ सालचा विश्वचषक तर आपल्या रायगड जिल्ह्यातच, पनवेलला झाला आणि अंतिम सामन्यात भारताने इराणला हरवले. हा खेळ महाराष्ट्रात एवढा मुरवण्याचे मोठे श्रेय शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचे. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

या सगळ्या प्रवासात एक गोष्ट मात्र पक्की होती. खेळाचे माप होते दम. मध्यरेषा ओलांडताना ‘कबड्डी कबड्डी’चा घोष सुरू करायचा आणि त्याच एका श्वासात परत यायचे. दम सुटला की बाद. ‘दम’ हा शब्द मूळ फारसी, अर्थ श्वास. मराठीने तो घेतला आणि त्याला केवढे संसार थाटून दिले! दम धरा, दम आहे, दम भरला, दम दिला. मैदानावर हे सारे अर्थ एकदम उभे असत. ज्याचा दम मोठा त्याची चढाई मोठी, असा साधा हिशेब होता.

आता दमाच्या शेजारी घड्याळ आले आहे. चढाईला तीस सेकंद. घोष करायचाच असतो, पण पंचाचे लक्ष श्वासापेक्षा सेकंदांकडे अधिक. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि हे तीस सेकंद दूरचित्रवाणीवरून घराघरांत गेले. त्याच्या जोडीला आणखी दोन नियम आले. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवलाच पाहिजे. नाही मिळवला तर चढाई करणारा बाद. आणि मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना त्यांनी पकड केली, तर एक गुण जादा. पूर्वी आघाडीवर असलेला संघ शेवटची पाच मिनिटे निदान रेषेला पाय लावून परत यायचा आणि वेळ काढायचा. प्रेक्षक कंटाळून शेंगा सोलत बसायचे. आता वेळ काढायला फारशी जागाच उरली नाही. शिवाय हरत चाललेल्या, तीनच गडी उरलेल्या संघालाही परतायला एक दार उघडे राहिले.

हे आपल्याकडेच झाले असे नाही. कॉलेजच्या खेळाचा जगातला एक मोठा बाजार म्हणजे अमेरिकेतला कॉलेज बास्केटबॉल. तिथेही एके काळी चेंडू हातात ठेवून वेळ काढण्याचा रोग होता. त्यावर उपाय म्हणून १९८५-८६ च्या हंगामापासून पुरुषांच्या खेळात पंचेचाळीस सेकंदांची मुदत आली. तेवढ्यात चेंडू जाळीकडे फेकलाच पाहिजे. १९९३ मध्ये ती पस्तीसवर आली आणि २०१५ मध्ये तीसवर. म्हणजे सातासमुद्रापार बास्केटबॉल आणि खाचरातली आपली कबड्डी, दोघी हिंडत हिंडत त्याच तीस सेकंदांपाशी येऊन थांबल्या. कारण दोन्हीकडे एकच आहे. खेळ पाहणाऱ्याला थांबणे सोसेनासे झाले आहे, आणि पाहणाऱ्याच्या जिवावर खेळाचा खर्च चालतो.

दुसरा बदल पायाखालचा. वरच्या पातळीवरच्या स्पर्धा आता मॅटवर होतात. पुरुषांचे मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद, म्हणजे एकशे तीस चौरस मीटर. भोवतीची मोकळी जागा निराळी. एवढे मॅटचे तुकडे एकात एक गुंतवून पसरायचे, तर खर्च काही लाखांच्या घरात जातो. शिवाय ते उघड्यावर टाकून चालत नाही. छप्पर हवे, सपाट फरशी हवी, ठेवायला कोरडी जागा हवी.

आणि आमच्याकडे कोरडी जागा हीच मोठी गोष्ट. पोलादपूरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कॉलेजचे वर्ष सुरू होते जूनमध्ये, स्पर्धांची तयारी करायची ती ऐन पावसात. माती तेव्हा चिखल झालेली असते. २०२१ च्या जुलैमध्ये महाडात सावित्रीचे पाणी शिरले तेव्हा शहराचे तळमजलेच्या तळमजले बुडाले. तळमजल्यावर ठेवलेल्या वस्तूची काय गत होते हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. बास्केटबॉलच्या जन्माची कथा या जागी आठवते. १८९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने तो खेळ काढला, तो बाहेर बर्फ असताना पोरांना छपराखाली खेळता यावे म्हणून. त्यांच्याकडे बर्फ, आमच्याकडे पाऊस. त्यांनी खेळ छपराखाली जन्माला घातला. आमचा खेळ उघड्यावर जन्मला आणि आता छप्पर मागू लागला आहे.

माती आणि मॅट यांत फरक केवळ खर्चाचा नाही, तंत्राचाही आहे. मातीत अनवाणी खेळताना पाय थोडा घसरतो. झटक्याचा काही भाग माती घेते. मॅटवर बूट घट्ट धरतो. त्यामुळे वळण जलद घेता येते, उडीही चांगली बसते, ढोपरे-कोपरे कमी सोलतात. पण पाय जागी रुतून वरचे अंग फिरले तर सारा पीळ गुडघ्यावर येतो. वर्षभर मातीत खेळलेला मुलगा थेट स्पर्धेच्या दिवशी मॅटवर उभा राहिला, की त्याला स्वतःचेच पाय परके वाटतात. समोरच्या शहरी कॉलेजचा मुलगा रोज मॅटवरच सराव करून आलेला असतो. दोघांची ताकद सारखी असूनही सामना सारखा राहत नाही. मुंबई विद्यापीठाचा पसारा मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांचा. एकाच विद्यापीठाच्या एकाच स्पर्धेत ही दोन्ही मुले समोरासमोर येतात, हे ध्यानात घेतले पाहिजे.

तिसरा बदल पैशाचा. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत महागडा खेळाडू राकेश कुमार. बोली बारा लाख ऐंशी हजारांची. २०२३ मध्ये पवन सेहरावतवर लागली ती दोन कोटी साठ लाखांच्या वर. ज्या खेळात पूर्वी जिंकणाऱ्या संघाला ढाल आणि भांडी मिळत, त्या खेळात हे आकडे! आपल्या राज्यातली मुलेही तिथे पोहोचली. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातून आलेला अस्लम इनामदार पुणेरी पलटणचा कर्णधार झाला, त्याच्या संघाने १ मार्च २०२४ रोजी लीगचे विजेतेपद घेतले. त्याआधी २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता. खेड्यातल्या मुलाला असे नाव फार मोठा आधार देते.

पण मुलांनी आणि पालकांनी एक साधा गुणाकार करून पाहावा. लीगमध्ये संघ बारा. एका संघात फार तर पंचवीस खेळाडू. म्हणजे साऱ्या देशातून, शिवाय परदेशी खेळाडू धरून, जागा तीनशे. कोट्यवधीची बोली त्यांतल्या मूठभरांची. या तीनशे जागांकडे पाहून किती हजार मुले दुसऱ्या वर्षाची परीक्षा बुडवत असतील, याचा विचार कोणी करायचा?

अमेरिकेत या प्रश्नाला निराळे वळण मिळाले. तिथे कॉलेजचा खेळाडू हौशीच असला पाहिजे, शिष्यवृत्तीपलीकडे त्याने पैसा घेता कामा नये, असा दंडक वर्षानुवर्षे होता. खेळावर विद्यापीठे मात्र अमाप कमवत. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या आणि चेहऱ्याच्या जाहिरातींतून कमावण्याची मोकळीक मिळाली. १ जुलै २०२५ पासून तर न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने विद्यापीठांनाच खेळाडूंना थेट मोबदला देता येऊ लागला. पहिल्या वर्षाची मर्यादा दर विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. मुले वर्षाआड कॉलेज बदलू लागली. तिथे आता तक्रार अशी, की संघ राहिला, पण कॉलेज उरले नाही. आपल्याकडे तक्रार उलटी आहे. कॉलेज आहे, संघ आहे; त्या मुलाच्या बुटांचे, दुधाचे आणि एसटीच्या तिकिटाचे काय, हे विचारणारे कोणी नाही.

मुलींचे गणित आणखी वेगळे. पुरुषांच्या लीगच्या तोडीची, वर्षानुवर्षे चालणारी लीग त्यांना नाही. २०१६ मध्ये महिलांची एक छोटी स्पर्धा लीगच्या जोडीने झाली, ती पुढे चालली नाही. म्हणून मुलीच्या दृष्टीने कॉलेजचा संघ हाच खरा जिना. मुंबईच्या अभिलाषा म्हात्रेने भारतीय संघातून २०१२ चा विश्वचषक आणि २०१४ चे आशियाई सुवर्ण जिंकले, २०१५ चा अर्जुन पुरस्कार मिळवला. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरून येणाऱ्या मुलीत तेवढा दम नसतो असे नाही. तिचा सराव चार वाजता सुरू होतो आणि शेवटची गाडी तिच्यासाठी थांबत नाही. तिच्याकरता तीस सेकंदांचे नव्हे, एसटीचे घड्याळ आडवे येते.

मग करायचे काय? काही दारे उघडी आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून सहअभ्यासक्रमाला श्रेयांक आहेत आणि त्यात खेळही धरला आहे. म्हणजे मैदानावरचा तास हा आता अभ्यास बुडवून काढलेला तास राहिलेला नाही. शासकीय नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. मात्र त्यासाठी ठरलेल्या स्पर्धेतली कामगिरी लागते, तिची प्रमाणपत्रे लागतात आणि बहुतेक पदांना शिक्षणही लागते. आंतरविद्यापीठ स्पर्धेपुढे २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धाही आहेत. पण यांतल्या बऱ्याच दारांना एकच उंबरठा आहे: विद्यार्थी असणे. ज्याने कॉलेज सोडले, त्याच्या मागे ती दारे मिटली.

म्हणून मला वाटते, तालुक्याला एक तरी मॅट आणि एक तरी छप्पर असावे. ते कोणा एका कॉलेजचे नसावे, महाड आणि पोलादपूरच्या सगळ्यांनी वाटून वापरावे. दोन गावांत अठरा-वीस किलोमीटरचे तर अंतर. आठवड्यातून दोन दिवस मॅटवर, बाकीचे दिवस मातीत, एवढेही पुष्कळ झाले. मॅट वरच्या मजल्यावर ठेवावी, हे आम्हाला नदीने शिकवलेच आहे. मुलींचा सराव गाडीच्या वेळेआधी उरकेल असा लावावा. गुडघा दुखला तर तेल चोळण्याआधी डॉक्टरला दाखवावा. आणि गावोगावच्या मंडळांनी चषकाची उंची दरवर्षी फूटभर वाढवण्यापेक्षा त्याच पैशात संघातल्या पोरांना चांगले बूट आणि विमा द्यावा.

जुन्या मंडळींना वाटते, घड्याळ आले आणि खेळातला दम गेला. मला तसे वाटत नाही. कवितेलाही मात्रांची मोजणी असते, म्हणून तिच्यातला श्वास जात नाही. तीस सेकंदांत गुण काढणारी चढाई दमाशिवाय होतच नाही. फरक एवढाच, की पूर्वी चढाई करणाऱ्याला परत यायला आपला श्वास पुरवावा लागे; आता त्याच्यासाठी मागे काही राखून ठेवण्याचे काम आपल्याकडे आले आहे. लिलाव ज्याचा झाला नाही, गुडघा ज्याचा गेला, पंचविसाव्या वर्षी विद्यापीठाची वयोमर्यादा ज्याची संपली, तो मध्यरेषा ओलांडून परत येईल तेव्हा त्याच्या हातात पदवी असावी, आणि जमले तर पोटापुरते काम. तेवढी रेषा आखून ठेवणे आपल्या हातात आहे.