मानवाधिकार निरीक्षक करतो काय?

गाडीच्या काचेवर ‘मानवाधिकार’ लिहिलेले दिसले की हा माणूस पोलिसांना जाब विचारू शकतो, असे अनेकांना वाटते. खासगी संस्थेच्या ओळखपत्राने तसा कोणताही अधिकार मिळत नाही. संघर्षग्रस्त देशात गेलेल्या खऱ्या निरीक्षकालाही पोलिसांना हुकूम देण्याचा अधिकार नसतो. त्याचे काम पाहणे, दोन्ही बाजूंचे ऐकणे, पडताळणे (स्वतंत्र साक्षींशी जुळवून बघणे) आणि नोंदवणे.

दोंडाईचाच्या बाजार समितीत मापाडी मिरचीचे वजन लिहितो, भाव ठरवत नाही. पण त्याचे माप चुकले तर पुढचा हिशेबच बिघडतो. निरीक्षकाच्या नोंदीचेही तसेच.

नेपाळमध्ये यादवी चालू असताना २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अशा नोंदींसाठी कार्यालय उघडले. संयुक्त राष्ट्रांचे स्वयंसेवकही अशा कामावर जातात. त्यांना पगार नव्हे, निर्वाहभत्ता मिळतो. नुसत्या उत्साहावर मात्र तिथे कुणी जाऊ नये. साक्षीदाराचे नाव फुटले तर त्याच्या जिवावर बेतते.

जानेवारी २०१३ च्या धुळे दंगलीत पोलीस गोळीबारात सहा जण गेले, तेव्हा सत्यशोधन पथके (नागरिकांचे चौकशी गट) आली. निवाडा देण्याचा अधिकार त्यांनाही नव्हता.

आपल्याकडची तक्रार मुंबईतील राज्य मानवी हक्क आयोगाकडे, घटनेपासून एका वर्षाच्या आत करावी.