ओठांवरचा शब्द

सत्तरी ओलांडलेले गृहस्थ बोलता बोलता अडखळतात, "नाव अगदी ओठांवर आहे हो!" म्हणतात, आणि घरची माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. म्हातारपणी बुद्धीला ओहोटी लागली की काय, ही शंका शांघायच्या घरातही येते आणि आपल्याही. आज तिचा विचार चिनी वृद्धांच्या बोलण्यावरून करू.

निरोगी वृद्धाचा शब्दसंग्रह सहसा आटत नाही. शब्दाचा अर्थ विचारा. तो तरुणाच्या बरोबरीने, पुष्कळदा सरसच सांगेल. मंदावते ती शब्द वेळेवर सापडण्याची क्रिया. म्हणूनच एका मिनिटात आठवतील तितके प्राणी सांगावयास लावले, तर वृद्ध मागे पडतात. कोठीत धान्य भरपूर आहे. दाराची कडी तेवढी घट्ट झाली आहे! डेबोरा बर्क, डोनाल्ड मॅके व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये याची उपपत्ती मांडली : अर्थ शाबूत राहतो, अर्थाकडून उच्चाराकडे नेणारा दुवा सैल होतो. विशेषनामे तर एकाच दुव्यावर लोंबत असतात. ती आधी निसटतात.

चिनी माणसाला आणखी एक अडचण आहे. त्याच्या लिपीत अक्षर पाहून उच्चार हमखास कळत नाही, आणि उच्चार ऐकून अक्षर लिहिता येईलच असे नाही. म्हणून 'लेखणी उचलली आणि अक्षर विसरले' अशा अर्थाचा वाक्प्रचारच तेथे रूढ आहे. गंमत अशी की, यंत्रावर उच्चार टंकून अक्षर निवडणाऱ्या तरुणांवरही तो आज लागू पडतो. तेव्हा विसरणे ही काही म्हातारपणाचीच मिरास नव्हे.

आता परीक्षेचा प्रश्न. 'पुतोंगह्वा' या प्रमाण बोलीचा प्रसार चीन सरकारने १९५६ मध्ये जोमाने हाती घेतला. त्यापूर्वी जन्मलेल्या अनेकांची आईच्या तोंडून ऐकलेली बोली शांघायची, कँटनची किंवा फूच्येनची. त्यांना प्रमाण बोलीत प्रश्न विचारले आणि ते चाचरले, तर दोष बुद्धीचा की बोलीचा? तीच गोष्ट शिक्षणाची. त्या पिढीतील असंख्य स्त्रियांनी शाळेची पायरीही चढलेली नव्हती. म्हणून स्मृतिभ्रंशाच्या ३० गुणांच्या प्रचलित चाचणीसाठी चीनमध्ये निरनिराळ्या मर्यादा वापरल्या जातात : निरक्षरास १७, प्राथमिक शिकलेल्यास २० व त्यापुढे शिकलेल्यास २४. एकच माप सर्वांना लावले असते, तर धडधाकट आजीबाई रोगी ठरल्या असत्या!

मग चिंता केव्हा करावी? किल्लीचे नाव क्षणभर आठवले नाही, तर नव्हे. किल्ली कशासाठी असते हेच उमजेनासे झाले, रोजची वाट चुकू लागली, बोलण्याचा धागा वारंवार तुटू लागला, तर मात्र वैद्याकडे जाण्यास विलंब करू नये.

एरवी वडीलधारे माणूस शब्द शोधू लागले, तर त्याच्या तोंडचा शब्द घाईने हिरावून घेऊ नका. क्षणभर थांबा. शब्द वाटेवर आहे, तो येईल.