जामीनदार विकत मिळत नसतो

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आईचा फोन आला. "गुरुजी, पोराला जामीन हून आठ दिस झालं, तरी सोडत न्हाईत."

जामीन झाला म्हणजे माणूस घरी आला, असंच आपण सगळे धरून चालतो. मीही तसंच धरून चाललो होतो. साताऱ्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं, पण हा धडा मी निवृत्तीनंतर शिकलो.

पोरगा पुणे जिल्ह्यातल्या एका गोदामात कामाला होता. माल कमी भरला, चार पोरांवर चोरीचा गुन्हा दाखल झाला, त्यात हा एक. न्यायालयाने १५,००० रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, या अटीवर जामीन दिला. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी. जामीनदार देतो तो जामीनकतबा: हा माणूस तारखेला हजर राहील, न राहिल्यास एवढी रक्कम मी भरीन. जामीनदाराला आधी पैसे भरावे लागत नाहीत, फक्त आपली ऐपत दाखवावी लागते. आणि पोराची अडचण नेमकी तीच होती. आईबाप ऊसतोडीला जाणारे, नावावर गुंठाभर जमीन नाही. शहरात ओळखणारं कोणी नाही.

मी सातबारा, आधार कार्ड, रेशनकार्ड आणि दोन फोटो पिशवीत घालून पहाटेची एसटी धरली. न्यायालयाच्या फाटकाबाहेर, झेरॉक्सच्या टपरीपाशी एकाने गाठलं. "गुरुजी, पाच हजार द्या, तासाभरात जामीनदार उभा करतो. सातबारा, फोटो, सगळं तयार आहे." पोराची आई माझ्याकडे बघत होती. तिने पदराच्या गाठीत चार हजार बांधून आणले होते.

हा धंदा अमेरिकेत राजरोस चालतो. तिथल्या बहुतेक राज्यांत परवाना घेतलेले जामीन दलाल असतात. न्यायालयाने १०,००० डॉलर सांगितले, तर दलाल साधारण दहा टक्के, म्हणजे १,००० डॉलर घेऊन हमी देतो. आरोपी पुढे निर्दोष सुटला तरी ते हजार परत मिळत नाहीत. केंटकी राज्याने १९७६ सालीच हा धंदा बंद केला आणि २०२३ मध्ये इलिनॉयने पैशांवरचा जामीनच मोडीत काढला. आपल्याकडे असा परवाना मुळातच नाही. फाटकाबाहेर मिळतो तो बहुतेक वेळा बनावट कागदांवरचा माणूस. तो पकडला गेला की जामीन धोक्यात येतो आणि त्याला आणणारेही नव्या गुन्ह्यात अडकतात. मी त्या माऊलीला पदराची गाठ सोडू दिली नाही.

आम्ही लोक अभिरक्षक कार्यालयात गेलो. विधी सेवा प्राधिकरणाच्या या कार्यालयातले वकील फी घेत नाहीत. कोठडीतल्या कोणालाही, त्याचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. तिथल्या वकीलबाईंनी माझे कागद तपासले आणि आम्ही न्यायालयात उभे राहिलो.

लिपिकाने सातबारा उजेडाकडे धरून पाहिला. इतर हक्कांच्या रकान्यात विकास सोसायटीचा बोजा होता. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "कर्ज आहे. शिवाय जमीन दुसऱ्या जिल्ह्यातली. तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला आणा." दाखल्याला आठ-दहा दिवस लागणार होते, म्हणजे पोराची दिवाळी आतच जाणार होती.

वकीलबाईंनी मोतीराम नावाच्या गवंड्याच्या खटल्याचा दाखला दिला. मध्य प्रदेशातल्या या मजुराला १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला होता आणि मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याच्या भावाला नाकारलं होतं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चूक ठरवलं आणि त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. वकीलबाईंनी आणखी एक अर्ज दिला: दाखला येईपर्यंत चार आठवडे रोख रकमेवर सोडावं. न्यायाधीश मॅडमनी तो मान्य केला. रोख रक्कम मी भरली आणि पावती घेतली. ती रक्कम सरकारी खात्यात राहते आणि जामीनदार दिल्यावर परत मिळते. मला ती मिळाली.

त्या दिवशी सुटकेचा आदेश तुरुंगात पोहोचायला उशीर झाला, म्हणून पोरगा दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आला. जामीन होऊन त्याला अकरा दिवस झाले होते. त्याने पाय धरले तेव्हा त्याच्या मनगटाची हाडं हाताला लागली.

महिन्याभराने दाखला घेऊन मी पुन्हा उभा राहिलो. आधी कितीजणांना जामीन राहिलो, हे जामीनदाराला लिहून द्यावं लागतं. मी "एकही नाही" असं लिहिलं. मॅडमनी विचारलं, "याला कसं ओळखता? पळाला तर पैसे भरावे लागतील." मी म्हणालो, "चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता. माहीत आहे, भरीन." ते शब्द तोंडातून निघाले तेव्हा जामीन राहणं म्हणजे काय, ते मला उमगलं. कागद सातबाऱ्याचा असला तरी हमी ओळखीची असते. पाच हजारांत मिळणाऱ्या माणसाला हे वाक्य बोलता येणार नाही.

जोखीम आहे, ती लपवत नाही. आरोपी गैरहजर राहिला तर हमी जप्त होते आणि जामीनदाराला नोटीस येते. पण बाजू मांडायची संधी मिळते आणि न्यायालय रकमेत सूटही देऊ शकतं. विश्वास उडाला तर अर्ज करून जामिनातून मोकळंही होता येतं. पोराने आजवर एकही तारीख चुकवलेली नाही.

ज्यांना कोणीच नाही, त्यांच्यासाठीही वाटा आहेत. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्यात जामीनदार देता आला नाही, तर आरोपीला निर्धन समजून जातमुचलक्यावर सोडायचं असतं. जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, आणि महिनाभर जामीनदार न मिळाल्यास न्यायालयाने अट शिथिल करण्याचा स्वतःहून विचार करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं आहे. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी केंद्राच्या योजनेतून, काही गंभीर गुन्हे वगळता, पैशांची मदतही मिळते.

तुमच्या शेतातल्या, दुकानातल्या, वस्तीतल्या कोणाचा मुलगा जामीन होऊनही आत असेल, तर त्याच्या आईला फाटकाबाहेरच्या माणसाकडे जाऊ देऊ नका. १५१०० या क्रमांकावर विधी सेवेला फोन लावून द्या. आणि पोरगा तुमच्या ओळखीचा असेल, तर सातबारा घेऊन स्वतः जा.