गाडीत अँप्लिफायर बसवताय? आधी करंटचा हिशोब करा

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाडीच्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात गेलात की बॉक्सवर मोठ्या अक्षरात ‘1000 वॉट’ लिहिलेले अँप्लिफायर दिसतात. हा आकडा बहुतेक वेळा ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ असतो, म्हणजे क्षणभराचा. आपल्याला बघायचा असतो आरएमएस, म्हणजे सतत मिळणारा पॉवर.

तो खरा आहे का, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. अँप्लिफायरवरचा फ्यूज बघा. समजा तो 30 अँपिअरचा आहे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण 13.8 व्होल्ट मिळतात. 30 गुणिले 13.8 म्हणजे 414 वॉट, आणि हे झाले आत जाणारे. क्लास डी अँप्लिफायर त्यातले साधारण 80 टक्के स्पीकरला देतो, म्हणजे 330 वॉट. जुन्या पद्धतीचा क्लास एबी जेमतेम 50-60 टक्के देतो, बाकीची नुसती उष्णता. मग 1000 वॉट येणार कुठून? आणि खरोखरच सतत 1000 वॉट हवे असतील तर क्लास डीलासुद्धा 90 अँपिअर लागतील. छोट्या हॅचबॅकचा अल्टरनेटर एवढा भार पेलत नाही.

बरं, अल्टरनेटर पूर्ण करंट देतो तो इंजिन फिरत असताना. बोरिवलीहून अंधेरीला वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेने सकाळी निघालात किंवा मुलुंड-घाटकोपर एलबीएस मार्गावर अडकलात, तर इंजिन बराच वेळ आयडलवर असतं. तेव्हा अल्टरनेटर त्याच्या क्षमतेपेक्षा बराच कमी करंट देतो, आणि नेमका त्याच वेळी एसीचा ब्लोअर, रेडिएटरचा पंखा आणि पावसाळ्यात वायपर, हेडलाइटही चालू असतात. कमी पडलेला करंट बॅटरीतून जातो. गाण्यात सरासरी करंट कमालीच्या एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी असतो, म्हणून 200-300 वॉट आरएमएसचा सेटअप सहसा निभावून जातो. इंजिन बंद ठेवून पार्किंगमध्ये गाणी ऐकणं मात्र महागात पडतं. 35 अँपिअर-अवरच्या बॅटरीतून सरासरी 10 अँपिअर खेचले तर दीड-पावणेदोन तासांत ती अर्धी होते, आणि मग स्टार्टर नीट फिरेलच याची खात्री नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि पैसे वाचवायला हमखास गाळलं जाणारं: बॅटरीजवळचा फ्यूज. अँप्लिफायरवरचा फ्यूज अँप्लिफायर वाचवतो, वायर नाही. बॅटरीपासून डिकीपर्यंत चार-पाच मीटर वायर इंजिनमागच्या पत्र्यातून जाते. पत्र्याच्या कडेला घासून इन्सुलेशन गेलं की वायर थेट बॉडीला शॉर्ट. बॅटरी त्या क्षणी शेकडो अँपिअर सोडू शकते आणि वायर कार्पेटखालीच पेट घेते. म्हणून बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून 45 सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच. त्याचं रेटिंग वायरला झेपेल त्याहून जास्त नको, आणि पत्र्याच्या भोकात रबरी ग्रॉमेट लावलेलंच हवं. दुकानदार ‘काही होत नाही’ म्हणाला तरी ऐकू नका.

वायर शुद्ध तांब्याची घ्या. स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं, त्याचा रोध साधारण दीडपट. 30 अँपिअरला 8 गेजची तांब्याची वायर पाच मीटरवर 0.3 व्होल्ट खाते, 4 गेजची 0.12. अर्थिंगची वायर तेवढीच जाड, शक्य तितकी आखूड, आणि रंग खरवडून मोकळ्या केलेल्या पत्र्यावर घट्ट बसवलेली पाहिजे. आपल्याकडच्या दमट हवेत तो जोड गंजतो, म्हणून वरून ग्रीस लावा. स्पीकरमधून इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर पहिला संशय याच जोडावर घ्या.

काम झाल्यावर दुकानातच मल्टिमीटर मागा. इंजिन चालू, आवाज मोठा, आणि आधी बॅटरीवर, मग अँप्लिफायरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर वायर किंवा अर्थिंग पुन्हा करून घ्या. बॅटरीवरच 12.6 च्या खाली जात असेल तर अल्टरनेटर पुरत नाहीये. फक्त काही नव्या गाड्या इंधन वाचवायला व्होल्टेज मुद्दाम कमी करतात, त्यामुळे आधी म्युझिक बंद ठेवूनही एकदा मोजून घ्या.