ब्लीच केलेल्या केसांची निगा

असोद्याच्या लग्नघरी नात ओल्या केसांवरच स्ट्रेटनर फिरवू लागली. केस ब्लीच केलेले. मी तिला थांबविले. हायड्रोजन पेरॉक्साइड रंगद्रव्यासोबत प्रथिनांचे बंधही तोडते. त्यावर 200 अंशांची उष्णता लागली, की आतील पाण्याची वाफ होऊन केसात पोकळ बुडबुडे पडतात व तो तुटतो. केस मृत, बुडालेले भांडवल परतत नाही, नवा केस महिन्याला जेमतेम 1 सेंटिमीटर वाढतो. तेव्हा केस पूर्ण वाळवावेत, उष्णता 150 अंशांच्या आत ठेवावी, धुण्यापूर्वी खोबरेल लावावे. केराटिनची बाटली घेताना मात्र आपण जैनांनी चौकशी करावी. ते पुष्कळदा लोकर वा कोंबडीच्या पिसांपासून काढतात. नातीने हातातली बाटली खाली ठेवली आणि आजीकडे खोबरेल मागितले.