टूथपेस्टमधलं शेवाळ आणि विषाणूची फसगत

दर पावसाळ्यात हॉस्टेलमध्ये एकीला सर्दी झाली की आठवड्याभरात अख्खी विंग शिंकायला लागते. मग कुणी मेसमधून गरम पाणी आणतं, कुणी मिठाच्या गुळण्या करतं, तर कुणी सरळ अँटिबायोटिक गिळून मोकळं होतं. (विषाणूवर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नसतो, पण ऐकतंय कोण!) यंदा त्या रांगेत मीही होते. पडल्या पडल्या सर्दीबद्दल वाचायला घेतलं आणि गाठ पडली ती समुद्रातल्या शेवाळाशी. मी मेकॅनिकलची, बायोलॉजी दहावीनंतर सोडलेली, आणि तीही इंग्लिशमधून शिकलेली. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

आधी विषाणूचं बघू. विषाणूकडे स्वतःचं इंजिन नसतं. स्वतःच्या कॉपीज कशा काढायच्या याचं ड्रॉइंग तेवढं त्याच्याजवळ असतं, आणि ते वाचून माल तयार करणारं मशीन असतं आपल्या पेशीत. म्हणजे त्याला पेशीच्या आत शिरावंच लागतं. पण धाडकन आत शिरता येत नाही. पेशीच्या बाहेरून साखरेच्या लांब लांब साखळ्यांचं जंगल असतं. त्यातल्या एका साखळीचं नाव हेपरान सल्फेट. तिला सल्फेटचे गट लटकलेले असतात, त्यामुळे तिच्यावर ऋणभार असतो. हर्पिस किंवा एचपीव्हीसारख्या विषाणूंच्या अंगावर धनभाराच्या जागा असतात. पुढचं सांगायला नको, बारावीचं फिजिक्स आहे! विषाणू आधी इथे सैलसर चिकटतो आणि मग आत जायचं खरं दार शोधतो.

आता शेवाळ. शेवाळ म्हटलं की आपल्याला विहिरीच्या पायऱ्यांवरचं हिरवं निसरडं आठवतं. समुद्रातलं शेवाळ हिरवं, तपकिरी आणि लाल अशा तीन मोठ्या गटांत येतं. एकट्या लाल शेवाळांच्याच सात हजारांहून जास्त जाती आहेत. त्यातल्या काहींच्या पेशीभित्तिकेत कॅराजीनन नावाचा पदार्थ असतो. आइस्क्रीम, चॉकलेटचं दूध आणि काही टूथपेस्ट घट्ट राहण्यासाठी वापरतात तोच हा. गंमत म्हणजे कॅराजीननही साखरेची साखळीच, आणि तिलाही सल्फेट लटकलेले! विषाणूला वाटतं पेशी सापडली. तो जाऊन चिकटतो या नकली साखळीला, आणि खरी पेशी राहते बाजूला.

हे काही कालचं संशोधन नाही. 1958 साली अमेरिकन संशोधकांनी लाल शेवाळाचा अर्क कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर वापरून तो इन्फ्लुएंझा बी आणि गालगुंडाच्या विषाणूपासून वाचतो असं दाखवलं होतं. 2006 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांना आढळलं की प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर एचपीव्हीला अडवण्यात कॅराजीनन हे हेपरिनपेक्षा सुमारे हजारपट प्रभावी आहे.

इथे जातीचा प्रश्न येतो, आणि मला सगळ्यात जास्त मजा इथेच वाटली. कॅराजीनन एक नाही. साखरेच्या दर दोन कड्यांमागे एक सल्फेट असेल तर ते कप्पा, दोन असतील तर आयोटा, तीन असतील तर लॅम्डा. कप्पा कडक जेली बनवतं, आयोटा मऊ, लॅम्डा जेली बनवतच नाही. भार वेगळा, म्हणून विषाणूवरचा परिणामही वेगळा. आणि कोणतं मिळणार ते शेवाळाच्या जातीवर ठरतं. व्यापारात ‘कॉटोनी’ म्हणतात त्यातून कप्पा मिळतं, ‘स्पायनोसम’मधून आयोटा. ही दोन्ही व्यापारी नावं जुन्या वर्गीकरणातली आहेत. वैज्ञानिकांनी कॉटोनीला पुढे कप्पाफायकस या वेगळ्या प्रजातीत हलवलं, बाजाराने मात्र जुनंच नाव धरून ठेवलंय. दोन्ही दिसायला म्हणाल तर समुद्रातला फांद्याफांद्यांचा रबरी गुंता. ‘लाल शेवाळाने विषाणू मरतो’ असं कुणी म्हणालं तर पहिला प्रश्न हवा : कुठल्या लाल शेवाळाने?

याच कप्पाफायकसची शेती तमिळनाडूत मंडपमच्या बाजूला होते. 2008 मध्ये भारतीय संशोधकांनी नोंद केली की मन्नारच्या आखातातल्या कुरुसडै बेटाजवळ ते शेतातून निसटून प्रवाळांवर पसरलंय. प्रवाळाला ऊनच मिळेना. म्हणजे जास्त माल देणारी बाहेरची एक जात आणायची आणि तिने तिथल्या बाकीच्यांना झाकून टाकायचं, असं झालं ते.

बरं, मग एव्हाना शेवाळाचं औषध बाजारात यायला हवं होतं ना? इथेच गाडी अडकते. कॅराजीनन प्रयोगशाळेत एचआयव्हीलाही अडवत होतं. म्हणून कॅरागार्ड नावाचं जेल बनवून दक्षिण आफ्रिकेत 2004 ते 2007 अशी तीन वर्षं सहा हजारांहून जास्त स्त्रियांवर चाचणी झाली. अर्ध्या जणींना खरं जेल, अर्ध्या जणींना साधं. शेवटी खरं जेल वापरणाऱ्या गटात 134 जणींना लागण झाली आणि साध्या जेलच्या गटात 151 जणींना. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. जेल सुरक्षित ठरलं, पण संरक्षण देतं असं सिद्ध झालं नाही.

कारण शोधताना एक गोष्ट बाहेर आली. विचारल्यावर जवळपास सगळ्या जणी म्हणत होत्या की मागच्या वेळी जेल वापरलं. परत आलेल्या ॲप्लिकेटरांना रंग लावून तपासलं तेव्हा दिसलं की प्रत्यक्षात शंभरातल्या साधारण 42 वेळाच वापरलं गेलं होतं. आपण व्हायव्हात ‘हो सर, प्रॅक्टिकल स्वतः केलं’ म्हणतो त्यातलाच प्रकार, पण यात माणसांचा जीव होता. त्या बायकांना मी दोष देत नाही. प्रत्येक वेळी आठवणीने, कधी कधी नवऱ्यापासून लपवून, जेल लावणं हे टेस्ट ट्यूबला करावं लागत नाही. वापर पूर्ण झाला असता तरी उपयोग झाला असता का, हे मात्र या चाचणीवरून सांगता येत नाही.

सर्दीच्या बाजूला चित्र थोडं बरं आहे. आयोटा कॅराजीननचा नाकातला स्प्रे ब्रिटनमध्ये 35 जणांवर तपासला, त्यात लक्षणं कमी झालेली दिसली; ते निकाल 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. अर्जेंटिनात हॉस्पिटलच्या 394 कर्मचाऱ्यांवर असाच स्प्रे वापरला, त्याचे निकाल 2021 साली प्रसिद्ध झाले. स्प्रेवाल्या 196 जणांत 2 जणांना कोविड झाला, नुसत्या मिठाच्या पाण्यावाल्या 198 जणांत 10 जणांना. ऐकायला भारी वाटतं, पण आकडे लहान आहेत. तेव्हा कुणी टूथपेस्ट नाकात घालू नये, प्लीज!

या सगळ्यात मला सर्वांत आवडलं ते ग्रिफिथसिन. न्यूझीलंडजवळच्या समुद्रातून गोळा केलेल्या ग्रिफिथ्सिया या लाल शेवाळात हे प्रथिन सापडलं, आणि 2005 मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. फक्त 121 अमिनो आम्लांचं. त्याचं काम कॅराजीननच्या उलट आहे. ते पेशीचं सोंग घेत नाही, थेट एचआयव्हीच्या अंगावरच्या साखरेला जाऊन घट्ट पकडतं. आता एवढंसं नाजूक शेवाळ औषधाला किती पुरणार? म्हणून त्याचा जीन तंबाखूच्या जातीच्या रोपांत घातला. 2009 च्या अहवालात पाच हजार चौरस फुटांच्या ग्रीनहाऊसमधून 60 ग्रॅमच्या वर ग्रिफिथसिन काढल्याचं दिलंय. आणि तो जीन रोपात नेऊन पोचवायला वाहन म्हणून काय वापरलं असेल? तंबाखूवर रोग पाडणारा विषाणू!