‘गॉबल्डीगूक’ आणि ‘रघुवीरी’ : अगम्यतेच्या दोन संज्ञा

इंग्रजीतील ‘गॉबल्डीगूक’ या शब्दाची जन्मकथा विरळा इतकी स्पष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लहान युद्धोद्योगांसाठी स्थापन झालेल्या अमेरिकी महामंडळाचे प्रमुख मॉरी मॅव्हरिक यांनी मार्च १९४४ मध्ये परिपत्रक काढून फुगीर कार्यालयीन भाषेस मनाई केली व तिला हे नाव दिले. आपल्या टेक्सासमधील टर्की पक्ष्याचे गुरगुरणे आणि त्याची ऐट मनात असावी, असा खुलासा त्यांनी त्याच वर्षी केला. ध्वन्यनुकरण व उपहास हे या संज्ञेचे दोन घटक होत.

शासनभाषेच्या अगम्यतेस नाव देण्याचा प्रसंग लवकरच आपल्याकडेही आला. रायपूर तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात मोडत होते. रायपुरात वकिली केलेले रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री असताना, १९५० च्या कायद्याने तेथे हिंदी व मराठी या राजभाषा झाल्या. डॉ. रघुवीर यांनी नागपुरास राहून संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय यांच्या आधारे परिभाषा रचली. तिच्या अपरिचितपणावरून ‘रघुवीरी हिंदी’ हा टोमणा रूढ झाला. महाराष्ट्रात १९६२ च्या ‘पदनाम कोशा’स आचार्य अत्रे यांनी ‘बदनाम कोश’ म्हटले, तेही याच जातीचे.

वरवर समानार्थी भासणाऱ्या या संज्ञा वस्तुतः भिन्न दोषांवर बोट ठेवतात. ‘रघुवीरी’चा आक्षेप शब्दाच्या नवखेपणावर आहे. ‘विधी’ हे मूळ ज्ञात असेल त्यास ‘विधान’, ‘विधेयक’, ‘वैधानिक’ हे शब्द उलगडतात, आणि वापराने नवखेपण ओसरते. ‘विधेयक’ आज कोणास खटकत नाही. अर्थात छत्तीसगढी बोलणाऱ्या निरक्षर शेतकऱ्यास ही संस्कृताची किल्ली उपलब्ध नव्हती, ही या योजनेची खरी मर्यादा होय. याउलट ‘गॉबल्डीगूक’मधील शब्द बहुधा परिचितच असतात. ‘उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने नियमोचित कार्यवाही करण्यात यावी’ या वाक्यातील एकही शब्द कोशात पाहावा लागत नाही. तरी कोणी, काय, केव्हा करावे हे कळत नाही. कर्त्याचा लोप हे येथील अगम्यतेचे कारण असून सवयीने ती दूर होत नाही, केवळ अंगवळणी पडते.

म्हणूनच ‘गॉबल्डीगूक’चे भाषांतर ‘दुर्बोध’ किंवा ‘अगम्य’ असे करणे सदोष ठरते. दुर्बोधता कवितेच्या घनतेतून येऊ शकते. अगम्य तर परमेश्वरासही म्हटले जाते. ‘शब्दावडंबर’ हा त्यातल्या त्यात जवळचा पर्याय. त्यात टर्कीचा आवाज नाही, पण ऐट आहे. तौलनिक अभ्यासकाने अगम्यतेच्या संज्ञांची तुलना करताना, न कळण्याची जबाबदारी ती संज्ञा वाचकावर टाकते, शब्दावर की लिहिणाऱ्यावर, हे प्रथम पाहावे. मॅव्हरिक यांनी ती निःसंदिग्धपणे लिहिणाऱ्यावर टाकली. आपल्याकडील वाद मात्र शब्दांच्या कुळाभोवती फिरत राहिला आणि वाक्याची तपासणी राहून गेली.